शंभर प्रति, एक साक्षीदार

सप्टेंबर महिना उजाडला म्हणजे नंदुरबारच्या शाळांतून एका भाषणाची तयारी सुरू होते. ९ सप्टेंबर १९४२ या दिवशीं ह्या गांवीं विद्यार्थ्यांनीं तिरंगी झेंडा घेऊन मिरवणूक काढली, पोलिसांनीं तिच्यावर गोळ्या झाडल्या, आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती प्राणांस मुकले. माणिक चौकांतील स्मारकापाशीं लोक जमतात, फुलें वाहतात, आणि शाळेंतील एखादा मुलगा किंवा मुलगी उभी राहून चार शब्द बोलते. हे चार शब्द कोठून येतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पूर्वीं असें भाषण करावयाचें म्हणजे मूल गुरुजींकडे जाई, ग्रंथालयांत जाई, किंवा गांवांतील एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या ओसरीवर जाऊन बसे. आतां तें मोबाईल काढतें, एक नांव लिहितें, आणि डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत पांचपन्नास लेख त्याच्यापुढें उभे राहतात. ही सोय लहान नाहीं. धडगांवच्या डोंगरांतील मुलाला मुंबईच्या ग्रंथालयांतील पुस्तक घरबसल्या वाचावयास मिळावें, हें पन्नास वर्षांपूर्वीं कोणास खरें वाटलें नसतें. म्हणून इंटरनेटला नांवें ठेवून मोकळें होण्याची जी एक चाल सुशिक्षितांत पडली आहे, ती न्यायाची नव्हे. प्रश्न यंत्राचा नाहीं. त्यांतून हातीं आलेला मजकूर साक्षीस उभा करावयाचा कीं नाहीं, आणि केल्यास त्याची उलटतपासणी कशी घ्यावयाची, हा प्रश्न आहे.

समजा, भाषणाची तयारी करणारी मुलगी पहिल्याच पायरीवर अडखळली. एका ठिकाणीं शिरीषकुमारचें वय पंधरा दिलें आहे, दुसऱ्या ठिकाणीं सोळा. आतां ती काय करील? बहुधा मोजणी करील. सोळा म्हणणारे लेख अधिक भरले तर सोळा लिहील. इतिहासांत मतदान चालत नाहीं, हें तिला कोणी सांगितलेलें नसतें. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. पाटीवर वजाबाकी मांडली तर मृत्यूच्या दिवशीं त्याचें वय पंधरा वर्षें, आठ महिने व बारा दिवस इतकें भरतें. म्हणजे त्याला पंधरा वर्षें पुरीं होऊन सोळावें चालू होतें. आपल्याकडे वय सांगतांना चालू वर्ष धरण्याची रीत जुनी आहे. तेव्हां ज्यानें प्रथम ‘सोळाव्या वर्षीं’ असें लिहिलें, त्याची कांहींच चूक नव्हती. पुढें कोणी तरी तें वाचून ‘सोळा वर्षांचा’ असें केलें, आणि तेथें इतिहास बिघडला. एका प्रत्ययाचा फरक! परंतु पाटीपेन्सिल घेऊन वजाबाकी करण्याइतकाही वेळ ज्यानें दिला नाहीं, त्याच्या बाकीच्या मजकुरावर किती भार टाकावा, हें त्या फरकावरून कळतें.

तारखेचीही अशीच परीक्षा घेतां येते. १९४२ चें आंदोलन ‘ऑगस्ट क्रांति’ ह्या नांवानें प्रसिद्ध असल्यामुळें घाईचा लेखक नंदुरबारची घटनाही ऑगस्टांत ढकलण्याचा संभव असतो. कोठें वार दिला असेल तर जुनें कॅलेंडर काढावें. त्या सालीं ९ ऑगस्टला रविवार होता आणि ९ सप्टेंबरला बुधवार. तारीख आणि वार जुळत नसतील तर दोहोंपैकीं एक खोटें आहे, आणि लेखकानें मूळ कागद पाहिलेला नाहीं, इतकें तरी निश्चित झालें.

आतां मुख्य मुद्दा. शंभर लेखांत एकच वाक्य आढळलें, तर त्यांस शंभर साक्षीदार समजावयाचें काय? न्यायालयांत दहा जण उभे केले आणि उलटतपासणींत दहाही जणांनीं ‘मला अमक्यानें सांगितलें’ असें म्हटलें, तर न्यायाधीश त्या अमक्यालाच बोलावून घेतो. बाकीचे दहा घरीं जातात. इंटरनेटवर हा अमका शोधणें थोडें कठीण पडतें, कारण तेथें नक्कल करणारा मूळ मालकाचें नांव क्वचितच सांगतो. परंतु चोराच्या वाटा ठरलेल्या असतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि तें १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. वि. सी. सुखटणकर व त्यांचे सहकारी यांनीं देशभरच्या पोथ्या मिळवून शब्दाशब्दानें ताडून पाहिल्या. अशा कामांत एक साधें तत्त्व लागू पडतें: दोन पोथ्या एकाच ठिकाणीं बरोबर असल्या तर त्यावरून फारसें कळत नाहीं, पण दोन पोथ्या एकाच ठिकाणीं सारख्याच चुकल्या असल्या तर त्या एका कुळांतल्या. संकेतस्थळांनाही हेंच लावावें. दहा लेखांत एकाच नांवाची एकच विचित्र मोडतोड सांपडली, कीं ते दहाही एकाच बापाचे.

नांवांची गोष्ट निघाली आहे तेव्हां तेथें जरा थांबलें पाहिजे, कारण ह्या प्रकरणांतील खरें नुकसान तेथेंच होतें. शिरीषकुमारचें नांव महाराष्ट्रांतील पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच्याबरोबर पडलेले चौघे म्हणजे लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. कित्येक लेखांत हे चौघे ‘व त्याचे सहकारी’ ह्या तीन शब्दांत मिटून जातात. कोठें नांवें दिलींच तर तीं मराठींतून इंग्रजींत आणि इंग्रजींतून पुनः यंत्राच्या साह्यानें मराठींत अशी फेरी मारून आलेलीं असतात. शहाचा शाह होतो, घनश्यामदासाचा घनश्याम होतो. एखाद्याचें वडिलांचें नांव गळतें, एखाद्याचें आडनांव. इंग्रजी लिपींत ण आणि न, ळ आणि ल, द आणि ड यांत भेद दाखविलेला नसतो, हें शाळेंतलें पोरही जाणतें. पण यंत्र जाणत नाहीं, आणि यंत्रावर विसंबणारा लेखक जाणण्याचा खटाटोप करीत नाहीं. ज्या मुलानें प्राण दिला, त्याच्या वांट्यास निदान स्वतःचें नांव तरी धड यावें, ही कांहीं फार मोठी मागणी नव्हे.

ह्याच प्रसंगांतून आणखी एक खूण हातीं लागते. शिरीषकुमारची मातृभाषा गुजराती, आणि मिरवणुकींतील घोषणाही गुजरातींत होती असें सांगतात. नंदुरबार हें गुजरातच्या सीमेवरील व्यापारी गांव. तेथें हें स्वाभाविकच आहे. आतां एका लेखांत ती घोषणा गुजरातींत दिली आहे आणि दुसऱ्यांत शुद्ध मराठींत किंवा हिंदींत, तर पहिला लेख मूळ आठवणीच्या अधिक जवळचा मानावा. नक्कल करणारा माणूस अपरिचित शब्द परिचित करून टाकतो. परिचित शब्द मुद्दाम अपरिचित करून ठेवण्याचे श्रम कोणी घेत नाहीं. मात्र मरणाच्या क्षणीं कोण काय बोलला, याचीं लांबलचक वाक्यें अवतरणचिन्हांत घातलेलीं दिसलीं, कीं तीं कोणी ऐकलीं आणि केव्हां लिहून ठेवलीं, हें विचारण्यास संकोच करूं नये. त्या प्रश्नानें हौतात्म्याचें तेज कमी होत नाहीं.

पुष्कळ लेखांत असें लिहिलेलें असतें कीं ही घटना ‘नंदुरबार जिल्ह्यांत’ घडली. आजच्या वाचकास जागा कळावी म्हणून तसें लिहिलें तर हरकत नाहीं. परंतु १९४२ सालीं नंदुरबार जिल्हा अस्तित्वांतच नव्हता. तेव्हां हें गांव मुंबई इलाख्यांतील पश्चिम खानदेश जिल्ह्यांत होतें. मूळच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडले. पश्चिम खानदेशचा पुढें धुळें जिल्हा झाला, आणि धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा निघाला तो १ जुलै १९९८ रोजीं. ही वंशावळ पाठ असणें केवळ परीक्षेकरितां उपयोगाचें नाहीं. राष्ट्रीय अभिलेखागाराचें ‘अभिलेख पटल’ हें संकेतस्थळ आतां घरीं बसून पाहतां येतें. तेथें कोणी ‘नंदुरबार जिल्हा, १९४२’ असें शोधूं लागला तर तो रिकाम्या हातीं परतेल आणि ‘कागदच नाहींत’ असें जाहीर करून मोकळा होईल. शोधावयाचें ‘पश्चिम खानदेश’ ह्या नांवानें, आणि तेंही इंग्रजी वर्णरचनेंत. नंदुरबारच्या इंग्रजी वर्णरचनाही एकीपेक्षां अधिक आहेत. १६१० सालीं सुरतेहून आग्र्यास जातांना ह्या वाटेनें गेलेला विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी गांवाचें नांव ‘नोंदरबार’ असें कांहींसें लिहितो. फारसी ग्रंथांच्या भाषांतरांत एखादा नुक्ता इकडचा तिकडे होऊन ‘नझरबार’ही बनतें. तापीच्या डोहांत एकदां जाळें टाकून मासा आला नाहीं, म्हणजे डोहांत मासाच नाहीं असें तेथला भोई कधीं म्हणत नाहीं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कानाला चमत्कारिक लागतें तें सारें खोटें असतें असें नाहीं. नंदुरबार हें माळव्याच्या सुभ्यांत होतें असें कोठें वाचलें, तर खानदेशी माणूस हंसेल. परंतु अकबराच्या काळीं अबुल फज्लनें रचलेल्या ‘आईन-इ-अकबरी’ंत नंदुरबार हें माळवा सुभ्याचें एक सरकार म्हणून दिलेलें आहे. चूक ठरविण्यापूर्वीं कोणत्या काळची गोष्ट चालली आहे, तें पाहावें.

ह्या सर्व विवेचनाचा आद्य गुरु नंदुरबारपासून फार दूर नव्हता. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळें येथें देह ठेवला. योगायोग असा कीं शिरीषकुमारचा जन्म त्याच्या अवघे तीन दिवस आधींचा. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांच्यापूर्वीं पानपतची हकीकत लोक बखरींतून वाचीत. बखर गोड खरी. पण ती प्रसंगानंतर, ऐकीव माहितीवर, कोणाच्या तरी समाधानाकरितां रचलेली. राजवाड्यांनीं पहिल्याच खंडांत त्या काळचीं प्रत्यक्ष पत्रें छापलीं, आणि प्रस्तावनेंत बखरींचे व ग्रँट डफचेही तारखांचे घोटाळे उघडे केले. छावणींतून घाईनें लिहिलेल्या पत्रांत रस नसतो, अलंकार नसतात, पण त्या दिवशींची तिथि असते. आजचे बहुतेक ऐतिहासिक लेख हे नव्या बखरी होत. त्या वाचूं नयेत असें नाहीं. त्या बखरी आहेत एवढें ध्यानांत ठेवून वाचाव्या. मूळ कागदाचें छायाचित्र जेथें पाहावयास मिळतें, तेथें राजवाड्यांच्या पत्राचा मान द्यावा. तेथेंही सावधगिरी हवीच. मोडीचें लिप्यंतर करणारा चुकूं शकतो, आणि छापील पानावरून अक्षरें उचलणारें यंत्र ८ चे ३ व घ चा ध करूं शकतें. म्हणून शेजारीं दिलेला टंकलिखित मजकूर नव्हे, चित्रांतलें अक्षर पाहावें.

एका अस्सल कागदानें किती उलथापालथ होते, हें शिवजन्माच्या तिथीवरून सर्वांस ठाऊक आहे. बखरींच्या आधारानें शके १५४९ चा वैशाख, म्हणजे १६२७ चा एप्रिल, हा काळ धरीत असत. कारीच्या जेधे घराण्याची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं पुढें आणली, तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असें स्पष्ट निघालें. तंजावरास मिळालेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’नें तिला पुष्टि दिली. अनेक वर्षांच्या वादानंतर महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. बहुमत बखरींच्या बाजूस होतें. येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. संगणकावरील एखाद्या तिथि-तारखेच्या कोष्टकांत ती तिथि घातली तर उत्तर १ मार्च १६३० असें येऊं शकतें. हें कोष्टक चुकलेलें नसतें. तें नवीन ग्रेगोरी पद्धतीनें मोजतें, आणि रूढ तारीख जुन्या ज्यूलियन पद्धतीची आहे. वार दोन्हीकडे शुक्रवारच. हें न कळल्यामुळें नवा शोध लागल्याच्या आनंदांत कोणी लेख लिहूं लागला, तर त्याला कोण आवरणार?

आतां एका अशा धोक्याकडे वळावें, ज्याची चर्चा फारशी होत नाहीं. इंटरनेटवर फुकट आणि विपुल काय मिळतें? ज्यांच्या मालकीहक्काची मुदत संपली आहे तीं जुनीं पुस्तकें. खानदेशचें गॅझेटियर, म्हणजे कँबेल यांच्या मुंबई इलाख्याच्या मालेंतील बारावा खंड, १८८० सालीं छापला गेला, आणि आतां तो कोणासही घरीं वाचतां येतो. पिकें, रस्ते, बाजार, घाट, पाऊसपाणी यांची जी माहिती त्यांत आहे तिला तोड नाहीं. संशोधकानें तें पुस्तक उशाशीं घेऊन निजावें. परंतु त्याच पुस्तकांत भिल्लांचें वर्णन येतें तें राज्यकर्त्याच्या नजरेनें. लूट, बंड, बंदोबस्त आणि १८२५ सालीं औटरमनें उभारलेली भिल्ल पलटण यांची सरकारी हकीकत तेथें विस्तारानें मिळते; पण डोंगरांतील माणूस स्वतः त्या बंदोबस्ताकडे कसा पाहत होता, हें त्या सरकारी ग्रंथांत कोण लिहिणार? नंदुरबार जिल्ह्यांत २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें दर शंभरांत सुमारें एकूणसत्तर लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांच्या पूर्वजांविषयीं १८८० सालच्या साहेबाचें मत एका बोटासरशीं मिळतें, आणि अलीकडच्या संशोधकांचे ग्रंथ मात्र पैसे टाकून विकत घ्यावे लागतात किंवा ग्रंथालयांत जाऊन मागावे लागतात. परिणामीं सर्वांत जुना ग्रह सर्वांत ताजा होऊन फिरतो. अक्राणीच्या पाड्यापाड्यांतून भिली आणि पावरी बोलींत गाइल्या जाणाऱ्या कथागीतांना तर संकेतस्थळावर पानच नाहीं. तेव्हां पुस्तक विश्वासार्ह आहे कीं नाहीं, असा एकच सरसकट प्रश्न विचारून भागत नाहीं. तें कोणत्या गोष्टीपुरतें विश्वासार्ह आहे, असें विचारावें लागतें. कँबेलसाहेबांस गव्हाचा भाव विचारावा, भिल्लाचें मन विचारूं नये.

समकालीन कागद तेवढा खरा, हीही समजूत पुरी नाहीं. बेचाळीसच्या दंग्यांची जबाबदारी काँग्रेसवर आहे असें प्रतिपादणारें एक पुस्तक हिंदुस्थान सरकारनेंच १९४३ सालीं छापलें. काळाच्या दृष्टीनें तें घटनेला अगदीं चिकटून आहे, सरकारी दप्तरांवर आधारलेलें आहे, आणि तरीही तें फिर्यादीचें निवेदन आहे. गांधीजींनीं त्याला सविस्तर उत्तर दिलें. जो एकच बाजू वाचील तो निकाल देण्यास पात्र नव्हे, मग ती बाजू आपल्या आवडीची कां असेना.

आवडीचा उल्लेख झाला, तेव्हां मेकॉलेच्या त्या प्रसिद्ध उताऱ्याचेंही नांव घेतलें पाहिजे. हिंदुस्थानांत एकही भिकारी वा चोर दिसला नाहीं, अशा आशयाचें भाषण त्यानें २ फेब्रुवारी १८३५ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटांत केलें, असा मजकूर कित्येक सुशिक्षित घरांतल्या मोबाईलवर येऊन गेला असेल. त्या दिवशीं मेकॉले लंडनमध्यें नव्हताच. १८३४ सालीं तो हिंदुस्थानांत उतरला होता, आणि त्याच तारखेचें त्याचें शिक्षणविषयक टिपण कलकत्त्याचें आहे. तें टिपण उपलब्ध आहे. त्यांत असें कांहीं नाहीं. जो मजकूर वाचतांच मन सुखावतें किंवा रक्त तापतें, तो पुढें धाडण्यापूर्वीं दोन घोट पाणी प्यावें.

आणि आतां तर प्रश्नांचीं उत्तरें स्वतःच रचून देणारीं यंत्रें आलीं आहेत. त्यांची भाषा सफाईदार, आत्मविश्वास दांडगा. परंतु आधार विचारला असतां कधीं कधीं तीं अस्तित्वांत नसलेल्या ग्रंथाचें नांव, वर्ष आणि पृष्ठसंख्याही सांगून टाकतात. अशा यंत्रास वाटाड्या करावा. साक्षीदार करूं नये. त्यानें सांगितलेलें पुस्तक प्रत्यक्ष उघडून तें पान डोळ्यांनीं पाहिल्यावांचून त्याचा हवाला लिहिणें, हें परीक्षेंत शेजारच्याचें पाहून लिहिण्यासारखेंच आहे. आणि येथें तर शेजारच्यानेंही अभ्यास केलेला नसतो.

हीं सर्व साधनें कोठून तरी प्रथम कागदावर यावीं लागतात, हें शहरांतील घरांनीं विसरूं नये. १९४२ सालीं जें मूल दहा वर्षांचें होतें, तें आज नव्वदी ओलांडून गेलें आहे. नंदुरबार, शहादें, तळोदें, नवापूर येथून शिक्षण-नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस, सुरतेस गेलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांतून त्या सालचीं पत्रें, शाळेचे दाखले, रोजनिशीचीं पानें, सभेंतलीं छायाचित्रें अजून निघतात. दिवाळीच्या साफसफाईंत तीं रद्दींत जातात, किंवा कोणी तरी त्यांचा फोटो काढून तारीख-वार न लिहितां नातलगांच्या समूहावर टाकतो. महिन्याभरांत तो शंभर ठिकाणीं पोंचतो, आणि कोणाच्या घरचा, कोणत्या सालचा, हें विचारावयास माणूस उरत नाहीं. छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें नांवें, गांव, साल आणि ‘ही माहिती अमक्यानें अमक्या दिवशीं सांगितली’ असें लिहिण्यास पांच मिनिटें लागतात. शाईनें लिहूं नये. ती पुढच्या बाजूस उमटते. वृद्ध माणसाची आठवण ध्वनिमुद्रित करावयाची झाली तर आधीं त्यास लेख वाचून दाखवूं नये, नाहीं तर तो लेखच परत ऐकूं येतो.

भाषण करणाऱ्या त्या मुलीला पांचच मिनिटें मिळतात. शिरीषकुमारच्या वयापाशीं ती ‘पंधरा वर्षें पुरीं, सोळावें चालू’ असें म्हणेल. गांवाचें नांव घेतांना ‘तेव्हांच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यांत’ एवढे शब्द घालील. मग लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्यामदास हीं नांवें आडनांवांसकट, सावकाश उच्चारील. त्याला अर्धें मिनिटही लागणार नाहीं.